खाली लूम, वर देवघर, आणि सकाळचा जप

पत्र असं आहे: "मावशी, मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहते. खाली आमचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, वर घर. सकाळी साडेपाचला उठून पूजा आणि वीस-पंचवीस मिनिटं जप, दिवसातला तेवढाच वेळ माझा स्वतःचा. त्या वेळी मोबाईलवर शांत संगीत, मेडिटेशन म्युझिक असं काहीतरी शोधून लावते. पण मध्येच दणकन कर्जाची नाहीतर गेमची जाहिरात येते, आणि जाहिरात नसली तरी दहा मिनिटांत एकतर कंटाळा येतो नाहीतर झोप. नळाला पाणी यायच्या दिवशी सगळं उशिरा होतं आणि मग लूम सुरू झालेले असतात, तेव्हा तर काहीच धड ऐकू येत नाही. सासूबाई म्हणतात देवापुढं नुसतं पीं पीं काय लावालीस, भजन लाव की. भजन लावलं की माझं लक्ष शब्दांत जातं आणि जप चुकतो. देवापुढं नुसतं वाद्य चालतं का? आणि चालत असलं तर नेमकं काय लावू?"

अगं चालतं, अगदी खुशाल चालतं, आणि हे पहिलंच सांगते कारण तुझ्या पत्रात खरी बोच तिथंच दिसली मला. देवळात पहाटे सनई-चौघडा वाजतो त्यात कुठं शब्द असतात? लग्नात अंतरपाट धरायच्या आधीपासून सनई असते, तिथं कुणी म्हणत नाही की आधी गाणं म्हणा मग मंगल होईल. बिस्मिल्ला खाँसाहेब बनारसला बालाजीच्या देवळात बसून वर्षानुवर्षं सनईचा रियाज करायचे, त्यांचे मामा अलीबक्ष विश्वनाथाच्या देवळात सनई वाजवायचे. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं, पण सासूबाईंना ते नको सांगू, देवळातला रियाज सांग, तो त्यांना लगेच पटेल. आणि सासूबाई चुकीचं बोलतात असंही मला वाटत नाही हं. त्यांना भजनातून देव जवळ येतो, लहानपणापासून तसंच आलेला आहे, मग शब्द नसले की त्यांना ते रिकामं वाटणारच. तुझं उलटं आहे एवढंच. तुझ्या तोंडात नाम आधीच चालू आहे, त्यात वरून दुसरे शब्द आले की दोघांची धक्काबुक्की होते.

माझी एक मैत्रीण आहे, ती चर्चला जाणारी, प्रार्थनेआधी गिटारवर नाहीतर ऑर्गनवर वाजवलेली गीतं लावते, नुसती चाल, गाणारं कुणी नाही. ती म्हणते चाल ऐकली की शब्द आपोआप मनात उमटतात आणि मला तेच पाहिजे असतं. मी यावर बरेच दिवस विचार केला, कारण तिला जे उपयोगी पडतं तेच जप करणाऱ्याला अडचणीचं होतं. ओळखीच्या अभंगाची चाल बासरीवर लावलीस तरी तुझं मन तो अभंग गायला लागणार आणि माळेतला मणी तिथंच राहणार. म्हणून जपासाठी ओळखीची चालच नको. भक्तिगीतांच्या चाली वाजवलेल्या बासरीवर नाहीतर हार्मोनियमवर खूप मिळतात आणि छान असतात पण त्या संध्याकाळी दिवा लावताना, भाकरी थापताना ऐकायला ठेव.

आता तू जे शोधतेस त्या शब्दांतच गडबड आहे. शांत संगीत, ध्यान संगीत असं टाकलं की जे वर येतं त्यातलं पुष्कळसं कॉम्प्युटरवर एक तुकडा बनवून तोच आठ तास फिरवलेला असतो, वर पाण्याचा आवाज, पाखरं, मध्येच एक घंटा. त्यात पुढं काही घडतच नाही म्हणून कंटाळा येतो, आणि काही घडणार नाही हे मनाला कळलं की झोप लागते, यात तुझा काही दोष नाही. आणि त्यावर ४३२ हर्ट्झ, रोग बरा करणारी फ्रिक्वेन्सी असलं काही लिहिलेलं दिसलं तर त्यावर भुलू नकोस. हा आकडा येतो कुठून तर पाश्चात्य वाद्यांचा एकमेकांशी मेळ बसावा म्हणून त्यांनी ए हा स्वर ४४० हर्ट्झला ठरवून घेतलाय, त्याऐवजी ४३२ घ्या असं म्हणणारे लोक आहेत. आपल्याकडं सा कुठंही धरता येतो ना, गाणाऱ्याचा गळा जसा, बासरी जेवढ्या लांबीची तसा सा, मग एकच आकडा पवित्र कसा काय असेल. बरं वाटतं म्हणून लावलंस तर लाव, पण आकड्यासाठी नको.

त्याऐवजी एक शब्द लक्षात ठेव: आलाप. सर्चमध्ये वाद्याचं नाव, रागाचं नाव आणि पुढं आलाप एवढंच टाक. मैफलीत कलाकार राग सुरू करतो तेव्हा आधी तबला नसतो, तालच नसतो, एकेक स्वर घेत तो हळूहळू राग उलगडतो, तो आलाप. मग जोड येतो, त्यात लय येते पण तबला अजून नसतो, मग झाला, तो वेगात, आणि मग तबल्याबरोबर गत, म्हणजे तालात बांधलेली चाल. जपाला फक्त आलाप पाहिजे. कारण ताल सुरू झाला की पाय हलतो, मान डोलते, मन पुढच्या समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्याची, वाट बघायला लागतं, आणि माळेची तुझी स्वतःची जी लय आहे ती मोडते. आलापात वाट बघायला काही नसतं. तो माणूस एका स्वरावर थांबतो, तू पण थांबतेस. तरी तो जिवंत असतो, पुढच्या क्षणी काय येईल ते ठरलेलं नसतं, म्हणून झोपही येत नाही. मला विचारशील तर तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर या एका शब्दात आहे, बाकीचं सगळं सोयीचं.

बासरीच घे सुरुवातीला. आपण मैफलीत ऐकतो ती लांब, खर्जात म्हणजे अगदी खालच्या सुरात घुमणारी बासरी शास्त्रीय संगीतात आणली पन्नालाल घोष यांनी, त्याआधी बासरी म्हणजे गाण्याबरोबर वाजणारं छोटं वाद्य असंच लोक धरायचे. १९६० साली ते गेले, म्हणजे रेकॉर्डिंग जुनी आहेत, थोडी खरखर येते, पण त्यांचा यमन ऐक एकदा. त्यांच्यानंतर हरिप्रसाद चौरसिया, त्यांचं पुष्कळ आणि स्वच्छ मिळतं. सकाळसाठी त्यांचा अहिर भैरव.

संतूर पण लोक हमखास सुचवतात आणि शिवकुमार शर्मांचं संतूर खरोखर सुंदर आहे, काश्मिरातलं सूफियाना संगीतातलं ते वाद्य, शंभर तारा, लाकडी कलमांनी छेडायचं, त्यांनी ते शास्त्रीय संगीतात आणून उभं केलं. पण तुझ्या घरी ते चालणार नाही असं मला वाटतं, निदान लूम चालू असताना तरी नाही. का ते सांगते. माझं लहानपण भद्रावती पेठेत गेलं, वडील मागावर, शेजारी लूम, त्यामुळं हा आवाज मला अंगात मुरल्यासारखा माहीत आहे. लूमचा आवाज नुसता मोठा नसतो, त्याला ठोका असतो, खटखट खटखट, अखंड. सतार, संतूर, सरोद ही छेडून वाजवायची वाद्यं, तार छेडली की स्वर उमटतो आणि विरत जातो, आणि त्या विरण्यातच खरी गोडी असते. लूमच्या खटखटीत ते विरणंच ऐकू येत नाही, नुसते टोकदार टण् टण् तेवढे कानावर येतात. आणि तबला असला तर मग विचारूच नको, तबल्याचा ताल एक, लूमचा दुसरा, डोकं दुखायला लागतं.

जो स्वर तुटत नाही तो मात्र टिकतो. फुंकीची वाद्यं आणि गजाची वाद्यं: बासरी, सनई, सारंगी, व्हायोलिन. पाणी यायच्या दिवसासाठी वेगळं काहीतरी ठेव, एन. राजम यांचं व्हायोलिन बघ, त्या व्हायोलिनवर अक्षरशः गातात, स्वर तुटूच देत नाहीत, नाहीतर राम नारायण यांची सारंगी. सारंगी पहिल्यांदा ऐकताना रडल्यासारखी वाटते कुणाकुणाला, तुला तसं वाटलं तर सोड, मला ती फार जवळची वाटते. सनईचा आवाज तर मोकळ्या मैदानावर ऐकू जाईल असा, लूमच्यावरून सहज येतो, आणि सासूबाईंना तोच आवाज देवळातला म्हणून ओळखीचा, त्यामुळं माझं म्हणणं घरात सगळ्यांसाठी लावायचं ते बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई लाव. आमच्याकडं रेडिओवर सकाळी आकाशवाणी सुरू व्हायची ती सिग्नेचर ट्यून आणि मग मंगलध्वनी, सनई. वडील तेवढा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. हात जोडलेले नसायचे, काही नसायचं, नुसते बसलेले असायचे चहाची बशी पुढं ठेवून. मला मोठं झाल्यावर कळलं की ती त्यांची पूजा होती.

रुद्रवीणेचं नाव मी मुद्दाम मागं ठेवलंय. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा, एकेक आलाप तासभर चालतो, इतका संथ आणि इतका खोल की दोन स्वरांमध्ये माणसाला आपला श्वास ऐकू येतो. पण तो खर्ज मोबाईलच्या बारक्या स्पीकरमधून येतच नाही, येणारच नाही, तुला वाटेल काहीच वाजत नाहीये. ते रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून ऐक. सकाळच्या घाईत त्याचं चीज होणार नाही.

आणि काही नाही जमलं, वेळच नाही, डोकं पिकलंय असा दिवस असला तर नुसता तानपुरा लाव. खरंच. चार तारा, प सा सा सा, बस. त्यात राग नाही, चाल नाही, ऐकण्यासारखं वरवर बघता काहीच नाही, पण घोडीवर तारेखाली जो सुती दोरा सरकवून जवारी लावतात त्यानं तो स्वर असा खुलतो की एका तारेतून पाच-सहा स्वर ऐकू यायला लागतात, आणि कान तिथं टेकतो. जप करणाऱ्याला याच्यासारखा सोबती मला तरी दुसरा माहीत नाही. ध्यान संगीतातला तो नुसता घोंगावणारा एकसुरी आवाज आणि तानपुरा यात फरक आहे तो हाच. आणि तुला एक सांगू का, हा तानपुरा आपल्यापासून काही लांबचा नाही. मिरजेला तानपुरे-सतारी बनतात, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकन पण मिळालं, आणि त्याला जे मोठे कडू भोपळे लागतात ते आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. आपल्या भीमेकाठच्या शेतातला भोपळा वाळून त्यातून हा आवाज येतो हे कळल्यापासून मी तानपुरा ऐकते तेव्हा मला फार आपलं वाटतं ते.

तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं, तानपुरा ड्रॉइड म्हणून आहे, एकदा घेतलं की नेट लागत नाही. त्यात पट्टी निवडायला येते, बायकांच्या गळ्याला काळी चार-पाच, म्हणजे पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी, जवळची, तीच ठेव. गायचं नसलं तरी तीच, कारण खालची पट्टी घेतलीस तर मोबाईलमध्ये नुसती गुणगुण राहते.

रागांच्या वेळेचं फार ओझं घेऊ नकोस पण थोडं पाळलंस तर फरक जाणवतो. पहाटे साडेपाचला भैरव, अहिर भैरव. भैरवात रे आणि ध कोमल, म्हणजे जरा उतरलेले, म्हणून त्याला एक गंभीरपणा आहे, अजून पुरतं उजाडलं नाही तेव्हाचा. पाणी यायच्या दिवशी आठ-साडेआठ झाले तर तोडी. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर यमन, भूप. मारवा मात्र प्रार्थनेला नको असं माझं मत, राग म्हणून मोठाच पण त्यात सा वर येऊन टेकणं इतकं लांबवत नेतात की मन अस्वस्थ होतं, दिवस बुडताना घरी कुणी यायचं राहिलंय असं वाटतं. रात्री झोपायच्या आधी बागेश्री नाहीतर मालकंस.

जाहिरातींचं. यूट्यूब फुकट वापरलंस तर जाहिरात येणारच, आणि मोठ्या व्हिडिओत मध्येच येणार, त्याला देवघर कळत नाही. घरात कुणी प्रीमियम घेतलेलं असेल तर जाहिरात जाते आणि डाउनलोडही करता येतं, मग रात्रीच डाउनलोड करून सकाळी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, म्हणजे कुणाचा गुड मॉर्निंगचा फोटो पण टिंग करून येणार नाही. पैसे घालायचे नसतील तर आकाशवाणीचं रागम नावाचं चॅनल आहे, २०१६ च्या २६ जानेवारीला सुरू झालं, चोवीस तास शास्त्रीय संगीत, न्यूज ऑन एअर ॲपवर लागतं. फक्त तिथं तू निवडू शकत नाहीस, गाणं पण असतं, म्हणून जपाला नाही पण स्वयंपाक करताना लावून ठेव, चार-सहा महिन्यांत कानाला आपोआप कळायला लागेल आपल्याला काय झेपतं. आणि फोन देवापुढं ताटाशेजारी ठेवत असशील तर तो तिथून काढ. स्क्रीन दिसली की हात जातो. मागं कोपऱ्यात ठेव, भिंतीकडं तोंड करून, छोटा ब्लूटूथ स्पीकर असला तर अजून बरं. आवाज इतका की तुझ्या ओठातलं नाम तुला त्याच्यावरून ऐकू आलं पाहिजे. लूमवर मात करायला म्हणून वाढवू नकोस, लूमला कुणी हरवू शकत नाही, आणि त्या आवाजात दिवसभर राहणाऱ्या कानांना सकाळी तरी विसावा दे.

अजून एक, आणि हे जरा हट्टानं सांगते. रोज नवीन शोधू नकोस. एकच आलाप घे आणि महिनाभर तोच लाव. पहिले चार दिवस तू संगीत ऐकशील, जप बाजूला पडेल, पडू दे. आठव्या-दहाव्या दिवशी तो इतका ओळखीचा होईल की पहिला स्वर आला की मन बसायची जागा शोधेल, जसं वारकऱ्याला टाळ वाजला की पाय उचलतात तसं. रोज वेगळं लावलंस तर मन रोज पाहुण्याकडं बघत बसतं.

आणि ते संपलं की लगेच उठू नकोस. पंधरा मिनिटांचं वाजवलंस तर पुढची पाच मिनिटं काहीच लावायचं नाही, नुसतं बसायचं. संगीत तिथपर्यंत न्यायला असतं. आपल्याकडं सकाळी कधीकधी लाइट जाते बघ, सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबतात. ते थांबणं ऐकलंयस का कधी नीट? मी लहान असताना आई पीठ मळत असली तरी हात थांबवायची. कुणीतरी लांबवर घंटा वाजवतंय, वरच्या मजल्यावर बाळ हुंकार देतंय, पारव्याचे पंख, सगळं अचानक ऐकू यायचं, जणू ते आधीपासून तिथंच होतं. संगीत बंद केल्यावरची ती पाच मिनिटं तशी असतात. ती सोडू नकोस, नळ आला म्हणून सुद्धा नको, दोन मिनिटं तरी बस.

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, निघतात तेव्हा हर्र बोला हर्रच्या गजरात अंगावर काटा येतो, तिथं शांतता कुणाला पाहिजे? ती भक्ती सगळ्यांची मिळून, मोठ्यानं. सासूबाईंचं भजनही त्यातलंच. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नकोस गं, वेळ वाटून घ्या. सकाळची पंचवीस मिनिटं तुझी, संध्याकाळी दिवा लागला की त्यांचं भजन, आणि त्या वेळी तू पण त्यांच्याजवळ बस, टाळ वाजव. एखाद्या सणाच्या दिवशी तू सकाळी सनई लाव आणि त्यांना विचारू नकोस कशी वाटली, फक्त चहा घेऊन शेजारी बस.

उद्या पाणी यायचा दिवस नसेल तर उद्यापासूनच कर. आज रात्री जेवणं झाली की चौरसियांचा अहिर भैरव शोध, आलाप संपून लय कुठं सुरू होते ते मिनिट बघून ठेव, आणि सकाळी त्याच्या आधी थांबेल असा मोबाईलमध्ये टायमर लावायचं लक्षात ठेवून झोप.